दुसरी वेलांटी

पुस्तिका अवघी आठ पानांची होती. लष्करी इस्पितळांत जखमींची पत्रं लिहून देणाऱ्या स्वयंसेवकांसाठी सूचना. लढाई सुरू झाल्यापासून छापखान्यात असलंच काम यायचं. दिवे झाकण्याचे नियम, तळघरात उतरण्याचे नियम, शिधापत्रिका, कसले ना कसले तक्ते. बाई खिडकीशी बसून प्रूफं तपासत होती, म्हणजे गेली बावीस वर्षं जे करत होती तेच करत होती. छापखान्यात सगळे तिला वेलांटीबाई म्हणायचे, मागे म्हणायचे आणि तोंडावरही म्हणायचे, आणि तिला ते मनातून आवडायचं. कबूल करायची नाही एवढंच. सूचना क्रमांक सहाशी ती आली. ‘पत्राची भाषा सोपी व आनंदी असावी. दूखापतीचा उल्लेख टाळावा. लिहून झाल्यावर पत्रातील शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त कराव्यात.’ ‘दूखापती’चा दुसरा उकार तिने खोडला, समासात पहिला लिहिला, पुढे सरकली, आणि मग पेन हवेतच राहिलं. कोणी लाथ मारून खुर्ची सरकवावी तसं काहीतरी झालं. आघाडीवर जखमींची गाडी चालवायला गेलेल्या लेकीचं शेवटचं पत्र पाच आठवड्यांपूर्वी आलं होतं. ते तिने चाळीसदा तरी वाचलं असेल, आणि चाळीसही वेळा तिचा हात लाल पेनाकडे गेला नव्हता. का गेला नव्हता? कारण पत्रात चूक नव्हती. एकही नव्हती. आणि ही गाढव खूश झाली होती! शेजारणीला म्हणाली होती, बघा, घराबाहेर पडली आणि सुधारली हो पोरगी.

पत्र पिशवीतच होतं. दोन पानं, घडीवर घडी पडून मऊ झालेली. तिने ते पुस्तिकेच्या प्रूफावर ठेवलं आणि एकेक ओळ बोटाने दाबत वाचलं, जसं पहिलं कच्चं प्रूफ वाचतात, अर्थाकडे न बघता. ‘आणि’ अकरा वेळा आला होता. अकराही ठिकाणी पहिली वेलांटी, शहाण्यासारखी अक्षराच्या डावीकडे उभी. तिचं धाबं दणाणलं. तिच्या पोरीने जन्मात ‘आणि’ला पहिली वेलांटी दिली नव्हती. सहा वर्षांची असताना पाटी आपटून भांडली होती. पाणी दुसरी, राणी दुसरी, गाणी दुसरी, मग एकट्या आणिनेच काय पाप केलंय? आईने सांगितलं, तो अपवाद आहे. पोरगी म्हणाली, मग मीपण अपवाद आहे. त्यावर दहा वेळा लिहून काढायची शिक्षा झाली, आणि तिने दहाही वेळा ‘आणी’ लिहून, खाली सही करून वही परत आणली होती. बापाला हसू आवरेना. तो तेव्हा होता. तो असता तर आत्ता म्हणाला असता, अगं, वय वाढलं की येतं सगळं, तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. पण तो नव्हता, आणि वय वाढलं की येतं हे बाईला मान्य नव्हतं. छापखान्यात येणारे प्राध्यापकांचे कागद ती रोज बघत होती. मग ही पत्रं कोण लिहून देतंय? आणि का लिहून द्यावी लागतायत? हात? डोळे? स्वयंसेवक आनंदी भाषेत लिहितात. दुखापतीचा उल्लेख टाळतात. तिने पत्र पुन्हा वाचलं. ‘मी मजेत आहे. जेवण बरे असते. गाडी छान चालते आणि माझी काळजी करू नये.’ करू नये! स्वतःच्या आईला कोण लिहितं असं?

अक्षर पोरीसारखंच दिसत होतं, पण आता तिला स्वतःच्या डोळ्यांची खात्री वाटेना. ती उठून मागच्या खोलीत जुळाऱ्याकडे गेली. खिळे जुळवून जुळवून त्याची बोटं शाईची झाली होती, आणि हजारो लोकांची हस्ताक्षरं त्याने वाचली होती, डॉक्टरांचीसुद्धा. त्याला सगळे दादा म्हणत, आणि पोरीचं अक्षर तो तिच्या लहानपणापासून ओळखत होता. दादाने चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेला. “अक्षर तिचंच आहे,” तो म्हणाला. “पण घाईचं नाही. एवढ्या दोन पानांत एक खोडाखोड नाही, ओळी कशा बघा, सुतात. हे डोक्यातून नाही लिहिलेलं, बाई. समोर ठेवून उतरवलंय.” “काय ठेवून?” “आता ते मला कसं कळणार? जे असेल ते.” तो पुन्हा खिळ्यांकडे वळला, मग त्याला वाटलं असावं की काहीतरी चुकलं, म्हणून म्हणाला, “अहो, नीट लिहितेय ते चांगलंच की. नाहीतर आमचं अक्षर बघा.” बाई परत खिडकीशी आली. हात शाबूत आहेत तर. पण हातासमोर कागद कोणी ठेवला? कोणी उभं राहून, हे लिही, एवढंच लिही, असं सांगतं का तिला? शत्रूने धरलेल्यांकडून असली पत्रं लिहून घेतात, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. वाचलं काय, तिनेच तपासलं होतं, मागच्या वर्षीच्या कुठल्याशा पत्रकात, आणि त्यातला एक अनुस्वार दुरुस्त करून पुढच्या पानाकडे वळली होती. बावीस वर्षांत तिच्या हाताखालून काय काय गेलं असेल, आग, पूर, महामारी, आणि तिने प्रत्येकात फक्त वेलांट्या बघितल्या. मालक म्हणायचे, हिला स्वतःच्या मरणाची बातमी वाचायला दिली तरी ही उकार दुरुस्त करेल. सगळे हसायचे, तीही हसायची.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा काढून ती लष्करी कचेरीतल्या चौकशीच्या खिडकीवर गेली. रांग जिना उतरून रस्त्यापर्यंत आलेली. पुढे एक बाई हातात फोटो धरून, मागे एक म्हातारा, जो दर पाच मिनिटांनी विचारायचा, ही रांग बेपत्तांची ना? खिडकीतल्या कारकुनाने वही उघडली, लेकीचं पथक विचारलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, “यादीत नाव नाही. म्हणजे ठीकच आहे. पुढे.” बाई हलली नाही. “पत्र येतं का?” त्याने विचारलं. “पाच आठवड्यांत नाही. पण त्याआधीची आलीत, त्यांचंच विचारायचंय. त्यात चुका नाहीत.” “कसल्या चुका?” “शुद्धलेखनाच्या.” कारकुनाने पेन खाली ठेवलं. “बाई, या रांगेत निम्म्यांना पत्रच नाही. आणि तुमची तक्रार अशी की पत्र शुद्ध येतं?” मागचा म्हातारा तिच्याकडे टकामका बघत राहिला. तिला समजावून सांगायचं होतं. ‘आणि’, ‘करू’, ‘माहीत’, सगळं. पण ती कोपऱ्यातल्या जिन्याने खाली आली. फोटोवाल्या बाईची नजर चुकवत आली. लाज वाटली, आणि लाजेखाली भीती होती तशीच राहिली. बसमध्ये उभी असताना तिच्या लक्षात आलं, की लेक निघून गेली त्या दिवसाचं तिने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. भांडण झालं होतं आदल्या दिवशी. गाड्या चालवायला पुरुष कमी पडले म्हणून तूच का, असं ही म्हणाली. मग कोण, असं ती म्हणाली. सकाळी टेबलावर चिठ्ठी होती, मिठाच्या बरणीखाली. ‘आई, मी जाते आहे. काळजी करु नकोस.’ आणि सगळ्यात आधी बाईला काय दिसलं? तर ‘करु’. रु पहिला. दुसरा हवा. मग दिसलं की पोरगी गेली. मधे किती वेळ गेला असेल? अर्धा क्षण. पण तो क्षण होता. आई होती म्हणे!

पुढचं तर तिने हसत हसत केलं होतं. तिसऱ्या आठवड्यात पहिलं पत्र आलं, गाडीत बसून लिहिलेलं, चार पानं, अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली. रस्त्यात खड्डा आला की ओळ वर उडायची. पूल कसा उडवला, रात्रभर नदीकाठी कशी थांबली, एका माणसाने तिचा हात कसा सोडलाच नाही, असलं काय काय होतं त्यात. तेवीस चुका होत्या. बाईने त्या लाल पेनाने दुरुस्त केल्या, समासात खुणा केल्या, खाली लिहिलं, ‘आणि पहिली! कितीदा सांगायचं?’ आणि तेच पत्र आपल्या पत्रासोबत परत पाठवून दिलं. गंमत म्हणून. घरची आठवण येईल, हसेल, असं वाटलं. पाकिटाला गोंद लावताना ती गुणगुणतसुद्धा होती. त्यानंतर पत्रं लहान झाली. मग आणखी लहान, आणि शुद्ध. ‘मजेत आहे. हवा बरी आहे.’ पूल नाही, नदी नाही, कोणाचा हात नाही. बाईने मानलं, सेन्सॉर वाढला असेल. आता बसच्या दांड्याला लटकून तिला वाटलं, काय वाटलं ते तिने पुरतं वाटू दिलं नाही. शेजारच्या माणसाला म्हणाली, “जरा सरका, पाय ठेवायला जागा द्या.”

रविवारी दुपारी ती लिहायला बसली. सरळ विचारायचं, दुसरं काही नाही. ‘प्रिय पोरी, अनेक आशीर्वाद. तुझी पत्रे कोण लिहून देते?’ पण सगळी पत्रं फोडली जातात. पोरीवर खरोखरच कोणाची नजर असली तर या एका वाक्याने तिचं काय होईल? खोडलं. ‘तुझे हस्ताक्षर फार सुधारले आहे, त्याचे कारण कळवावे.’ हे तर मुख्याध्यापिकेसारखं झालं. खोडलं. ‘तुझी तब्येत कशी आहे?’ याला उत्तर येणार, मजेत आहे. तिने नवा कागद घेतला आणि तेव्हा तिला दिसलं की तिची स्वतःची पत्रंही अशीच होती. वेळेवर जेव. पायमोजे कोरडे ठेव. मी बरी आहे. आठ महिने तिने एक अक्षर चुकीचं लिहिलं नव्हतं आणि एक खरं लिहिलं नव्हतं. भोंगा झाल्यावर तळघरात शेजारणीचा हात धरून बसते हे लिहिलं नव्हतं. लेकीची चादर अजून धुतली नाही हेही नव्हतं. लिहायला काय झालं होतं? पण वाक्य सुरू केलं की डोक्यातली प्रूफवाली उठायची, इथे स्वल्पविराम, हा शब्द दोनदा आला, हे जरा रडकं होतंय. तिसरा कागद फाटला. चौथा तिने कोराच चुरगाळला.

दार वाजलं. बाहेर एक दांडगी मुलगी उभी, खांद्यावर खाकी पिशवी, नखांत वंगण. “घाईच्या आई ना तुम्ही?” “कोणाच्या?” “घाई हो! तुमची लेक. आमच्याकडे सगळे तिला घाईच म्हणतात, गाडी थांबायच्या आत उडी मारते बया. मी तिथली मिस्त्री. सुटे भाग न्यायला आले होते, आज चारला ट्रक निघतो. म्हटलं, मावशींना भेटून जावं.” आत या म्हणायचं राहिलं. “हात बरे आहेत तिचे?” “हातांना काय धाड भरलीय? चोवीस तास स्टिअरिंगवर असतात.” “आणि डोळे?” “मावशी, ती ठणठणीत आहे! वजन उतरलंय थोडं, ते आमचं सगळ्यांचंच. तुम्ही बसा आधी.” बाई बसली. पाहुणीनेच पाणी भरून आणलं, स्वयंपाकघर विचारावंही लागलं नाही तिला. ग्लास हातात घेऊन बाई म्हणाली, “मग पत्रं कोण लिहितं?” “तीच लिहिते. दुसरं कोण लिहिणार?” “त्यात चुका नसतात.” मिस्त्रीण हसायला लागली आणि मधेच थांबली. “अय्या, कळलं होय तुम्हाला? ती तर म्हणायची, आई खूश होईल.”

मग तिने सांगितलं, खुर्चीच्या कडेवर बसून, नखं पुसत पुसत. इस्पितळात एक मास्तर होते, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, शाळेतले खरोखरचे मास्तर. घाई पत्र लिहायची आणि त्यांना दाखवायची. ते पेन्सिलीने खुणा करायचे. मग ती घरी पाठवायला नवीन कागदावर उतरवून काढायची, एक चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून. “मी म्हणायचे, अगं, झोप थोडी, दोन फेऱ्या मारून आलीयस. तर म्हणायची, गप गं, हे माझ्या आईकडे जायचंय. मास्तर पण खट. एकदा म्हणाले, पोरी, एवढं लांबलचक लिहू नकोस, जेवढं लांब तेवढ्या चुका. तेव्हापासून ती छोटी लिहायला लागली.” “मग आता पाच आठवडे?” “मास्तर गेले ना मागच्या महिन्यात.” “घरी?” “नाही मावशी. गेले.” खाली रस्त्यावर कोणीतरी हातगाडी ढकलत होतं, तिचं एक चाक किरकिरत लांब गेलं. “तेव्हापासून तिचं अडलंय,” मिस्त्रीण म्हणाली. “लिहिते आणि फाडते. मला विचारते. मला! मी सातवीत शाळा सोडलेली. परवा मी निघायच्या आधी गाडीच्या पायरीवर बसली होती कागद घेऊन. त्या दिवशी आमची एक गाडी परत आली नव्हती. मला म्हणाली, ए, भीतीची वेलांटी कुठली गं, पहिली की दुसरी? म्हटलं, घाल कुठलीही. म्हणाली, कुठलीही कशी घालू? मग किती वेळ तशीच बसली. शेवटी म्हणाली, जाऊ दे, तो शब्दच नको. आणि कागदच टाकून दिला. म्हटलं, बाकीचं लिही की. तर म्हणाली, बाकी काही लिहायचंच नव्हतं.”

“दोन्ही दुसऱ्या,” बाई म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. हात भाजल्यावर निघतो तसा शब्द निघाला, आणि निघाल्यावर तिने तो ऐकला. मिस्त्रीण म्हणाली, “काय म्हणालात?” “काही नाही,” बाई म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. दोन्ही दुसऱ्या! लेक तिकडे पायरीवर बसून एक शब्द मागत होती, इतक्या लांबून मागत होती, आणि इथे आई खिडकीशी बसून जगाच्या वेलांट्या निस्तरत होती. गोळ्यांमधून गाडी काढणारी पोर तिच्या लाल पेनाला भ्यायली होती. शत्रूने धरलं नव्हतं, कोणी उभं राहून लिहून घेत नव्हतं. उभी होती ती हीच. त्या प्रत्येक पत्रामागे हीच उभी होती, चष्मा घालून. आणि त्या लाल केलेल्या पत्रानंतर पोरीने फक्त तेच शब्द पाठवले होते ज्यांची तिला खात्री होती. मजेत, जेवण, हवा, गाडी. ज्या शब्दांची खात्री नव्हती ते तिकडेच राहिले, तिच्यापाशी, एकटीपाशी. बाईला मोठ्याने रडायचं होतं, पण पाहुणीसमोर तिला ते जमेना. तिने नुसतं गुडघ्यावर मूठ आपटली, दोनदा, तीनदा. “मावशी, अहो मावशी,” मिस्त्रीण घाबरून उठली. “मी काही वाईट नाही हो सांगितलं. ती चांगली आहे.” “माहितीय गं बाई,” बाई म्हणाली, “ती चांगलीच आहे.”

मिस्त्रिणीने घड्याळ बघितलं. सव्वातीन. “पत्र देणार असाल तर द्या. परवा सकाळी तिच्या हातात पडेल, मधे कोणी फोडायचं नाही. माझ्या हत्यारांच्या पेटीत कोण हात घालतंय!” बाई टेबलाशी बसली. पाहुणीला म्हणाली, चहा टाकशील का गं, मला उठता यायचं नाही. पहिला शब्द लिहिला आणि डोक्यातली प्रूफवाली उठलीच. बाईने तिला बसू दिलं नाही, उभीच ठेवली आणि लिहीत सुटली. मिठाच्या बरणीखालची चिठ्ठी लिहिली. आधी काय दिसलं होतं ते लिहिलं, तो अर्धा क्षण, जसाच्या तसा, आणि लिहिताना कान तापले तरी लिहिलं. ते लाल केलेलं पत्र परत पाठव म्हणून लिहिलं, मग ते खोडलं, मग लिहिलं, फाडून टाक. भोंगा झाला की काय होतं ते लिहिलं. मला भीती वाटते, तळघरात वाटते, वर आल्यावर वाटते, पोस्टमन जिन्यात थांबला की जास्त वाटते, तुला किती वाटत असेल ते मला लिही, कोणाला विचारू नकोस, कसंही लिही, चार पानं लिही, गाडीत बसून लिही. नदीकाठी त्या माणसाने तुझा हात सोडला नाही म्हणालीस, मग पुढे काय झालं? मी विचारलंच नाही. मी विचारायला हवं होतं. त्याचं काय झालं गं? ओळी खाली उतरत गेल्या. एक वाक्य मधेच राहून दुसरं सुरू झालं. चहा गार झाला, शाई तळहाताला लागली आणि तळहाताची कागदाला. कधी थांबायचं ते तिला कळेना, तेव्हा पाहुणीनेच खांद्याला हात लावला. पावणेचार झाले होते.

बाईने पानं उचलली, सहा की सात कोण जाणे, घडी घातली आणि पुढे केली. मिस्त्रीण थबकली. “वाचून बघत नाही एकदा?”

“नको,” बाई म्हणाली. “वाचायला घेतलं, तर पाठवणं व्हायचं नाही माझ्याच्याने.”